कानातले अण्णा

मेहुणीचा चष्मा तयार होऊन दुकानात पडून होता. माझं चष्म्याचं दुकान आहे. नंबर मीच तपासतो, काचाही मीच बसवतो. त्या रविवारी बायको म्हणाली, "डोकं दुखतं म्हणून तिचे रोज फोन येतायत. घरचीच आहे म्हणून किती दिवस रखडवणार? जाऊन देऊन या एकदाचा." तेवढ्यासाठीच गेलो होतो मी, दुसरं काही मनात नव्हतं.

मेहुणीचा नवरा, म्हणजे माझा साडू, विम्याच्या कचेरीत आहे. एकदा सुरू झाला की थांबत नाही, म्हणून सासरी त्याचं 'बडबड्या' हे नाव पडलं ते कायमचंच. मला तो अण्णा म्हणतो. आमच्यात भांडण एकच, पण ते वर्षभर पुरलेलं. मी परवाना काढलेला हौशी रेडिओवाला. गच्चीवर तार ताणलेली, आतल्या खोलीत संच, आणि परवान्याबरोबर मिळालेलं अक्षरं-आकड्यांचं नाव, त्याला आम्ही कॉलसाइन म्हणतो. माझा आवाज खरोखर हवेतून जातो. कधी समुद्रापलीकडे पोचतो, कधी शेजारच्या गावातही नाही. त्यातच तर सगळी गंमत. बडबड्याला परीक्षा द्यायचा कंटाळा. त्याने कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम घेतला. पडद्यावर रेडिओचं चित्र, फिरवायला बटण, जगभरची माणसं, आणि मध्ये मध्ये खरखरसुद्धा. पण सगळं इंटरनेटवरून. ना तार, ना लहरी. ती खरखरही कॉम्प्युटरनेच बनवलेली.

"मग याला फोन म्हण की," मी चिडवायचो. "खरखर लावलेला फोन."

"आणि तुमचं काय हो? अर्धा तास घसा ताणून 'ऐकू येतंय का' एवढंच विचारायचं!"

"हिंमत असेल तर तार टाक गच्चीवर. ये खऱ्या हवेवर."

हे मी किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. चेष्टेत हो. निव्वळ चेष्टेत.

तर त्या दुपारी मेहुणीने चष्मा लावून पाहिला, खूश झाली, चहा टाकायला आत गेली. बडबड्या पुढे येऊन बसला.

"काय अण्णा, काल मजा आली. आणि चारचौघांत मात्र नावं ठेवता माझ्या रेडिओला!"

"काल? कुठे?"

"आता वेड पांघरू नका. आठवडाभर रोज येताय तुम्ही माझ्या प्रोग्रामवर."

मी हसलो. तोही हसला. मग मी हसायचा थांबलो, तरी तो हसतच होता, म्हणून मला राग आला. "दाखव," म्हटलं.

त्याने कॉम्प्युटर लावला. पडदा उजळला, खरखर सुरू झाली. ती खोटी खरखर मी पहिल्यांदाच नीट ऐकत होतो... समुद्राच्या लाटा कोणीतरी डब्यात भरून हलवाव्यात तशी. उजवीकडे नावांची ओळ. त्यात माझं कॉलसाइन. अक्षर न् अक्षर माझं.

बडबड्याने माइक ओढला. "अण्णा, आहात का?"

खरखरीतून कोणीतरी घसा खाकरला.

"आहे की. बोल."

आपला आवाज आपल्याला पटकन ओळखू येत नाही. मलाही आला नाही. पण आतून मेहुणीने विचारलं, "भाऊजी, घसा बसलाय का हो तुमचा?"

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

मी माइक हिसकावून घेतला. "कोण बोलतंय? हे कॉलसाइन माझं आहे."

खरखर जरा कमी झाल्यासारखी वाटली. मग तो आवाज माझ्याशी नाही, बडबड्याशी बोलला. अगदी हळू, काळजीच्या सुरात.

"अरे, तुझ्याकडे कोण आलंय? माझ्यासारखं बोलतोय... जपून हो. हल्ली कोणीही कोणाचा आवाज काढतं."

बडबड्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. पण त्या क्षणात तो मला परक्या माणसासारखा न्याहाळत होता, हे मी आजही विसरलेलो नाही.

मग व्हायचं तेच झालं. मी म्हणालो, माझं बोलणं चोरून टिपून घेतलंस आणि कॉम्प्युटरकडून वदवून घेतोयस. असले प्रोग्राम निघालेत, मला ठाऊक आहे. तो म्हणाला, तुम्हीच कोणीतरी नकलाकार बसवलाय, माझी फजिती करायला. मेहुणी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी, कोणाला समजवावं ते तिला कळेना. चहा न घेताच मी निघालो. जिन्यावरून उतरताना वरून पुन्हा तो आवाज कानावर आला. "गेला का तो?" असं विचारत होता.

घरी येऊन प्रोग्राम चालवणाऱ्यांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं ते असं: या कॉलसाइनने आमच्याकडे कधीच कोणी नाव नोंदवलेलं नाही, आणि तुम्ही सांगता त्या वेळी त्या वाहिनीवर एकच कॉम्प्युटर जोडलेला होता. तो म्हणजे माझ्या साडूचा. झालं, माझा संशय पक्का झाला. म्हटलं, बस एकटाच बोलत.

त्यानंतर आठवडा गेला असेल. दुपारची वेळ, एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला काचा लावून अक्षरं वाचायला सांगत होतो, तेवढ्यात मेहुणीचा फोन.

"भाऊजी, हात जोडते. यांना नका ना असं भरीस घालू."

"मी? काय केलं मी?"

"रजा टाकून घरी बसलेत. लोखंडी पाइप आणलाय एवढा मोठा. तार चढवायची म्हणून गच्चीत गेलेत. तुम्हीच सांगताय ना, इकडे धर, तिकडे धर..."

"अगं, मी दुकानात आहे!"

ती अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "तो प्रोग्राम मोबाइलवरही घेतलाय यांनी. आत्ता जिन्यात मी ऐकलं. तुम्हीच होतात..."

त्यांच्या गच्चीला लागून विजेच्या मोठ्या तारा गेल्यात. कठड्यापासून पुरुषभर लांब, जरा वर. गिऱ्हाइकाला तसंच बसवून मी स्कूटर काढली. कसा पोचलो, विचारू नका. लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती. जिना चढता चढता छाती फुटायची वेळ आली.

गच्चीचं दार उघडंच होतं. बाहेर वारा नाही, पान हलत नव्हतं. तापलेल्या डांबराचा वास भरून राहिलेला, आणि त्या तारांची गुणगुण... दातांत जाणवते ना, तशी. कठड्याजवळ बडबड्या पाठमोरा उभा. दोन्ही हातांत तो पाइप उभा धरलेला, टोकाला तार लोंबतेय, कानांत मोबाइलचे हेडफोन.

"अजून पुढे?" तो विचारत होता. "बरं... अजून थोडं..."

पाइपाचं टोक विजेच्या तारांकडे कलत होतं.

"बडबड्या!"

त्याने मान वळवली. मला पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. पाइप तसाच तिरका हातात. हलवला असता तर कुठल्या बाजूला गेला असता, सांगता येत नाही.

"अण्णा... तुम्ही इथे?"

"मागे घे तो. हळू."

"पण तुम्ही तर..." त्याने एक हात कानाला लावला. पाइप डगमगला. "तुम्ही म्हणताय, हा समोरचा खोटा आहे. त्याचं ऐकू नकोस, म्हणताय."

मी एक पाऊल पुढे टाकलं. तो किंचाळला, "पुढे येऊ नका!"

मी थांबलो. मला धाप लागलेली. तो एकदा माझ्याकडे बघे, एकदा त्या तारांकडे. मग रडवेल्या आवाजात म्हणाला, "सांगा... सासऱ्यांची काठी कशी हरवली?"

हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. बायकांना अजून माहीत नाही.

"हरवली कुठली! गाडीत तू तिच्यावर बसलास आणि मोडली. चोरीला गेली म्हणून आपण दोघांनी सांगितलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी ऐकत राहिला. मग त्याने पाइप सोडून दिला. तो आतल्या बाजूला पडला, गच्चीवर घणघणत लोळला, आणि बडबड्या तिथेच मटकन खाली बसला. मी जाऊन त्याला धरलं. त्याच्या कानातला हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. नुसती खरखर होती.

वाचला तो. सगळ्यांनी मला देवासारखं मानलं. बायको दोनदा रडली. बडबड्याने प्रोग्राम काढून टाकला, कामावर जायला लागला. पण आमच्याकडे येईना. फोन करीना. बोलला तरी मोजकंच, तेही माझ्याकडे न बघता. मला वाटलं, लाजत असेल बिचारा.

मग एकदा तो दुकानात आला, डोळे तपासायला. तपासायच्या खोलीत मी दिवा मालवला, फक्त समोरच्या अक्षरांवर उजेड. त्याच्या चेहऱ्यासमोर वाकून काच बदलत होतो. एवढ्या जवळ.

"अण्णा, एक विचारू?"

"विचार की."

"काठीचं उत्तर तुम्ही दिलंत ना... त्यानेही दिलं होतं. तुमच्या आधी."

माझा हात थांबला. "मग पाइप का सोडलास?"

"तुम्ही जिना चढून आलात, धापा टाकत होतात. तोही टाकत होता. कानात. जिन्यावरची पावलं ऐकू येत होती मला..." त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. "मग तो म्हणाला, 'सोड आता. पोचलो मी वर.' आणि गप्प झाला. त्यानंतर कधीच आला नाही."

मी हातातली काच डबीत परत ठेवली.

"तो गेला कुठे, अण्णा?"

अंधारात तो डोळे न मिटता माझ्याकडे बघत होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत. मी दिवा लावला. नंबर न घेताच तो निघून गेला.

त्याला वेड लागलंय, असं मी स्वतःला सांगितलं. अजूनही सांगतो. पण तेव्हापासून रविवारी सकाळी मी संचासमोर बसतो, तेव्हा माझे जुने दोस्त मला स्पष्ट ऐकू येतात. एक बोटीवर तारायंत्र चालवून निवृत्त झालेला, एक शाळामास्तरीण. मी हाक घालतो. काटा हलतो, म्हणजे आवाज बाहेर पडतोय. तार ठीक, संच ठीक, दोनदा तपासून घेतलाय. आणि माझं बोलणं चालू असतानाच ती दोघं आपापसांत बोलत राहतात. "अण्णा बरेच दिवस आले नाहीत हो." "हो ना, आजारी आहेत की काय?" मी इकडे ओरडतोय, आणि त्यांना माझा एक शब्दही ऐकू जात नाही.

शेवटी परवा न राहवून मी तो प्रोग्राम कॉम्प्युटरवर घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. कॉलसाइन टाकलं, खरखर सुरू झाली. भीत भीत विचारलं, "कोणाला ऐकू येतंय का?"

लगेच उत्तर आलं. अनोळखी आवाज, पण ओळखीच्या सुरात.

"या अण्णा. स्वच्छ येताय. आज उशीर केलात?"