तीन पदरी सावली

केळीला किती ऊन लागतं, हे शांतीलालभाईला विचारावं. समुद्रातल्या पोवळ्याला किती लागतं, हे प्रकाशा-शहादा पट्ट्यात कोणाला विचारावं, हा मात्र प्रश्नच होता. तापीकाठच्या त्या गावात समुद्र पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजावी, आणि तीही लग्नाच्या वरातीत मुंबईला गेलेली.

पण शांतीलालभाईच्या पुढच्या खोलीत दोन फुटांचा समुद्र होता. बायको दगूबाई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली, वाचा गेली, तेव्हा सुरतेला नोकरी करणाऱ्या मुलाने, भूपेंद्रने, ही काचेची टाकी आणून तिच्या खाटेसमोर मांडली होती. खारं पाणी, दोन नारिंगी मासे आणि टाकीतच वाढवलेली तीन-चार पोवळी. मधलं सगळ्यात मोठं. वाटीएवढं, मांसल, जांभळट. दिवसा फुगायचं, सांजेला मिटायचं. आठ महिने दगूबाई त्याच्याकडे बघत होती आणि खुर्चीत बसून शांतीलालभाई तिच्याकडे. चाळीस वर्षांच्या संसारात नवरा-बायकोला एवढा निवांतपणा पहिल्यांदाच मिळाला, तो असा.

फाल्गुनात वीज गेली. परत आली ती दणक्याने आली, आणि टाकीवरचा दिवा जळाला. दुसऱ्या दिवशी पोवळी मिटली. तिसऱ्या दिवशी दगूबाईने डोळे घट्ट मिटून घेतले आणि ओठाशी नेलेला चमचा घेईना. डॉक्टर तपासून म्हणाले, नाडी ठीक, रक्तदाब ठीक, त्यांची इच्छाच दिसत नाही. असंच चाललं तर फार दिवस नाहीत.

शहाद्याचा ललित गाडीला तीन दिवे बांधून आला. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरता भरता हौशी लोकांच्या टाक्याही तोच सांभाळायचा.

"काका, माशासले कोन्हताबी दिवा चालस. पोवळासले नही चालत. ते उजेड खातस."

"मंग खाऊ दे ना भो! आपलाकडे उनले काय कमी शे?"

पहिला दिवा साधा पांढरा. चार दिवस जळला. पोवळी तशीच मिटलेली, वर तपकिरी पडली. दगूबाईचे ओठही तसेच.

दुसरा दिवा जबर होता. "वीस टक्क्यांवर ठेवजा," असं बजावून ललित गेला, आणि शांतीलालभाईने बटण शेवटापर्यंत फिरवलं. त्याचंही गणित होतं. सावली लागते ती कोवळ्या रोपांना. मधलं पोवळं चांगलं थोराड. थोराड केळ वैशाखाचं ऊन अंगावर घेते की नाही?

दुपारपर्यंत पोवळ्याची एक कड हाडासारखी पांढरी पडली.

दोन वाजता तो दगूबाईची कूस बदलायला गेला. तिच्या डाव्या खांद्यावर एक डाग उठला होता. वाटीच्या कडेसारखा वाकडा, पांढराफटक, आणि हात लावावा तर तापलेला. खिडक्या बंद होत्या. पडदे ओढलेले होते. पडून पडून जखमा होतात, असं डॉक्टर म्हणाले होते. पण त्या लाल होतात.

त्याने दिवा बंद केला, फडकं ओलं केलं आणि खोलीच्या मधोमध उभा राहिला. खाटेकडे जावं की टाकीकडे, त्याला कळेना.

तिसरा दिवा निळा; त्यात पांढरा चिमूटभर मिसळता येई. या वेळीही शांतीलालभाईने कोणाचं ऐकलं नाही. प्रयोगशाळेतून आलेलं केळीचं रोप थेट उन्हात लावलं तर मरतं. आधी तीन पदरी जाळीखाली ठेवायचं, आठवड्याला एक पदर काढायचा. त्याने शेडनेटचे तीन हिरवे तुकडे कापले आणि टाकीवर अंथरले.

ललित पोट धरून हसला. "काका, आते ठिबकबी बसाडी द्या!"

"हस. तुन्ही बायको घरमा बोलस ना? मंग हस."

ललित पुन्हा हसला नाही.

पहिला पदर काढला त्या दिवशी पोवळ्याच्या पांढऱ्या कडेवर जांभळी झाक आली. संध्याकाळी अंग पुसताना त्याने खांदा पाहिला. डाग पुसट झाला होता. दगूबाईने चार चमचे पेज घेतली.

दुसरा पदर काढल्यावर तिने डोळे उघडले. शांतीलालभाई खुर्चीत बसून दोघींकडे बघत राहिला. हो, दोघींकडे, त्याच्या मनात तसंच यायला लागलं होतं. दगूबाईची छाती वर गेली की पोवळं फुगायचं. खाली आली की बसायचं. पाण्याच्या पंपाला तो ताल नव्हता. त्याने पंप बंद करून पाहिला, तरी ताल तोच.

मग त्याने दिव्याखाली तळहात धरला. पोवळ्यावर सावली पडली.

सहा हात लांब, पांघरुणाखाली, दगूबाई थंडी भरल्यासारखी शहारली.

त्याने हात झटकन मागे घेतला. ही गोष्ट त्याने भूपेंद्रला सांगितली नाही. फक्त रोज सांजेला दिवा मंदावू लागला की तो तिच्या अंगावरची गोधडी त्याच सावकाशीने गळ्यापर्यंत ओढू लागला.

तिसरा पदर त्याने भर दुपारी काढला.

निळा उजेड तळापर्यंत गेला. पोवळं उमललं, कधी नव्हतं इतकं.

"भूपेंद्रना बाप."

आवाज घोगरा होता, पण तिचाच. साडेनऊ महिन्यांनी. तो खाटेपाशी गुडघ्यांवर बसला. तिचा हात त्याने दोन्ही हातांत धरला आणि लहान पोरासारखा रडला.

"रडू नका," ती म्हणाली. "आठे बहू बरं वाटस. ऊन कसं कोवळं शे."

"दगू, आठे म्हन्जे कोठे?"

ती त्याच्याकडे बघत नव्हती. काचेकडे बघत होती, आणि हसत होती.

"तुम्हीबी या ना आते. एकलीले करमत नही."

त्याने वळून पाहिलं.

मोठ्या पोवळ्याच्या बुंध्याशी एक नवा कोंब फुटला होता. हरभऱ्याएवढा. बाकी सगळी पोवळी दिव्याकडे तोंड करून होती. हा खुर्चीकडे बघत होता.

तो उठून खुर्चीत बसला. कोंब बारीक बारीक फुगत होता, बसत होता.

त्याने श्वास रोखला.

कोंबही थांबला.

दगूबाईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. ऊबदार, जड, ओळखीचा.

त्याने अजून श्वास घेतला नव्हता. आधी कोंब फुगला. मग त्याची छाती.