अठराव्या दगडाखालचा देव

भेग गायब झाली होती!

रस्ते खात्याची अभियंता विनोदिनी फोटो पुन्हापुन्हा पाहत होती. दर महिन्याला अठराव्या किलोमीटरच्या दगडाशी उभं राहून रस्त्याचा फोटो काढायचा, हा नियम. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे होण्याआधीच्या फोटोंत भेग वाढत गेलेली. नंतरच्या फोटोंत रस्ता गुळगुळीत. दुरुस्ती तर झालीच नव्हती. फुटलेलं डांबर आपोआप सांधलं जातं होय?

आणि तिथंच जवळ रस्ता खचून ऑटो उलटला, ऑटोवाला नागोराव गेला.

तिनं फोटो शेजारी शेजारी ठेवले. जुन्यांत दगडामागे पळस होता, नव्यांत नव्हता. दगडच सरकवला होता!

"डोमाजीचं काम, मॅडम," नवे निरीक्षक चंपतराव म्हणाले. "आधी रस्त्याची देखरेख त्याच्याकडे होती. जाता जाता भेग झाकली. नाहीतर माझ्या मेव्हण्यानं बांधलेला रस्ता, पक्का आहे."

"तुम्ही आलात तेव्हा दगड कसा होता?"

"असाच. आता आहे तिथंच, पांढराफेक. मी बाहेरचा, मुधोळचा, मला इथलं काय ठाऊक?"

डोमाजी पोलिसांच्या ताब्यात होता. त्याची बायको बयनाबाई पळसाखाली, मोकळ्या जमिनीवर तेल ओतत बसलेली दिसली.

"इथं काय आहे, बाई?"

"मैलाचा दगडच आमचा मैलदेव होता न इथं, शेंदराचा. कोन्या मेल्यानं उपटला, खरवडला, चुना फासला. आता जागेलेच तेल घालून राह्यलो. माहा मानूस देवाले हात लावन काय?"

"चंपतरावांना सांगितलंत?"

"थे काऊन बोलतीन आमच्यासंगं!"

विनोदिनीनं त्या तेलकट जागेचाही फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी तिनं चंपतरावांना दगडापाशी नेलं. "हा जुन्या जागी नेऊ. लावा हात."

चंपतराव वाकले, थांबले. चपला बाजूला काढल्या. दगडाला बोटं लावून कपाळाला टेकवली.

"चपला का काढल्या?"

चंपतरावांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुम्ही पाहिलात तो नुसता चुन्याचा दगड ना? आत देव आहे, हे गावाला ठाऊक आणि खरवडणाऱ्याला. गावाशी तर तुमचं बोलणंच नाही. मेव्हण्याच्या हमीची मुदत सरेपर्यंत भेग दिसायला नको होती, नाहीतर सगळा रस्ता त्याला पुन्हा करावा लागला असता. नव्या जिल्ह्याच्या नावानं दगड रंगवणं चाललंच होतं. त्या गडबडीत एक सरकला, तर कोण विचारतो?"

"देवाची माफी मागूनच हात लावला होता, मॅडम," ते पुटपुटले.

"देवाची मागितलीत. नागोरावाच्या बायकोची कधी मागणार?"

चंपतराव अनवाणीच जीपमध्ये जाऊन बसले.