व्हेराच्या हॉटेलातली उंचीची फळी

"ओपल, ऊठ. फळी गेली."

सोमवारी सकाळी सहाला व्हेरा फोनवर एवढंच बोलली आणि रडायला लागली. ओपल टॉफ्टने दात बसवले, गाउनवरच कोट चढवला आणि चार गल्ल्या तुडवत निघाली. वय एकोणऐंशी. थंडी अशी, की शब्द तोंडातून निघाला तर गोठून खाली पडावा आणि मागून येणाऱ्याला ठेच लागावी. म्हणून वाटेत ती कुणाशी बोलली नाही.

व्हेराच्या हॉटेलात दाराशेजारची भिंत बोडकी दिसत होती.

तिथे पन्नास वर्षं आठ फूट उंच ओकची फळी होती. एल्क फोर्क कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये आलेली प्रत्येक नवी मुलगी तिला पाठ टेकून अनवाणी उभी राहायची. डोक्यावर पेन्सिलीची रेघ, रेघेशेजारी नाव. कॉलेज जी उंची छापतं, तिच्यावर आयोवातला शहाणा माणूस विश्वास ठेवत नाही. तिथे बूट घालून मोजतात, आणि वर दोन इंच देवाच्या नावाने. खरी उंची फळीवरची.

ओपलने भिंतीतल्या भोकात करंगळी घातली. सहा भोकं. खाली रंगाचे टवके.

"या स्क्रूंवर तू सात वेळा रंग मारलास, व्हेरा. हे हाताने सुटायचे नाहीत. ड्रिल लावलंय. आणि वर पहार घालून उचकटलंय."

"ते कळून काय करू? फळी आण माझी."

"आणते. आधी कॉफी दे. गुडघे कालच्या सामन्यापासून शिव्या देतायत."

"माझेही. बसतोय न बसतोय तोच मेल्या पंचाने परत उठवलं."

सातला नेहमीची मंडळी जमली. रोज जमायची. या टोळक्याला एकच विषय, या वर्षीच्या नव्या मुली टीमला तारणार की बुडवणार. त्यावरून तिथे दोन लग्नं मोडायला आली होती आणि एकदा आख्खा ॲपल-पाय छताला चिकटला होता. डाग अजून दाखवतात.

सगळ्यात मोठा आवाज हार्लन आयकॉफचा. गावच्या रेडिओवर दर गुरुवारी त्याचा बास्केटबॉलचा कार्यक्रम. फळीवर रेघ मारायची पेन्सिल त्याच्याच हातात असायची. वीस वर्षं.

"यात शोधायचं काय?" हार्लन खुर्ची ओढत म्हणाला. "झेपेदाच्या पोरीने नेली. काल संध्याकाळी सातला मी तिला मागच्या दाराशी पाहिली, या डोळ्यांनी. आणि शनिवारी ती काय म्हणाली ते सगळ्यांनी ऐकलंय."

ऐकलं होतं खरं. शनिवारी नव्या मुलींची मोजणी झाली. मारिसेला झेपेदा, गावचीच, पाच फूट तीन इंच. पन्नास वर्षांतली सगळ्यात खालची रेघ. हार्लन म्हणाला, "हिला बास्केटखाली उभी करा, बॉल पडला तर झेलेल तरी." सगळे हसले. पोरगी लाल झाली आणि म्हणाली, "जाळून टाका ती फळी! खेळ काय डोक्याच्या शेंडीने खेळतात?"

मग ब्रिटा उभी राहिली. मिनेसोटाहून आणलेली, हार्लनची लाडकी. सहा महिने तो रेडिओवर सांगत होता, ही अर्लीनपेक्षा उंच निघणार. अर्लीन म्हणजे ड्वाइट नीगार्डची मुलगी. सहा फूट साडेतीन इंच. तिच्या रेघेवर आजवर कुणाची रेघ गेली नव्हती. हार्लनने पेन्सिल फिरवली आणि ब्रिटाची रेघ अर्धं बोट वर गेली. टाळ्या पडल्या. ड्वाइट ताटलीतला ॲपल-पाय तसाच टाकून उठून गेला.

ओपल तेवढी म्हणाली होती, "सोमवारी मी सुताराचा काटकोनी गुण्या घेऊन येते. परत मोजू."

आणि सोमवारी फळीच नाही.

आठला कोचचा फोन आला. दुपारी बारापर्यंत उलगडा झाला नाही, तर शुक्रवारच्या सामन्यात मारिसेला खेळणार नाही. पुढचं पुढे बघू. आणि तेवढ्यात व्हेराने, रडवेल्या तोंडाने का होईना, स्वयंपाकघरात जाऊन मारिसेलाच्या आईला, सोकोरोला सांगितलं, "आजच्या दिवस घरी जा बाई. मिटलं की बोलावते."

सोकोरो अकरा वर्षं तिथे राजमा-खिम्याची चिली शिजवत होती. तिने एप्रन काढला, घडी घातली, गेली.

ओपलच्या डोक्यात तिडीक गेली.

"लाज नाही वाटत?"

"गिऱ्हाइकं काय म्हणतील, ओपल—"

"गिऱ्हाइकं चरत बसतील, जशी रोज चरतात. मला सांग, काल संध्याकाळी तू कुठे होतीस?"

"वर. माझ्या घरी. सामना संपवून पाचला आले ती पाय शेकत बसले."

"खालचं ऐकू येतं?"

"उंदीर शिंकला तरी."

"काल काय ऐकलंस?"

"मागचं दार वाजलं सातला. मारिसेला होती. आईचा एप्रन धुवायला न्यायचा राहिला होता. 'गुड नाइट मिसेस प्रूस' म्हणून ओरडली, गेली."

"ड्रिल?"

"नाही गं. ड्रिल नाही."

"रात्री?"

"मला झोप कुठे लागते. नाहीच."

"मग फळी गेली कधी?"

या प्रश्नाचं उत्तर ओपलनेच दिलं. "काल दुपारी दोनला. सामना सुरू असताना. सगळं गाव हॉलमध्ये, तूही हॉलमध्ये, आणि मारिसेला दोन हजार माणसांच्या डोळ्यांसमोर मैदानात."

"पण मला रात्री कळलं कसं नाही?"

"काल हॉटेल बंद, तू मागच्या जिन्याने वर गेलीस. पुढे आलीसच कुठे? दाराला कुलूप होतं?"

"सामन्याच्या दिवशी? चोरसुद्धा सामन्याला जातात ओपल."

"एक नव्हता गेला."

ओपल बाहेर येऊन टोळक्यात बसली. तरुणपणी ती बास्केटबॉलच्या जुन्या, सहा-सहा जणींच्या खेळात राखण करायची. त्या खेळात राखणवालीने अर्धी रेषा ओलांडायची नाही. समोरची पोरगी आपल्या पायाने अंगावर येईपर्यंत थांबायचं. तेच तिने आता केलं. चिलीत दालचिनीचा रोल बुडवला आणि कण्हली.

"अगं आई गं. माझे गुडघे. काल तुम्ही लोक बसलात तरी कधी?"

एल्क फोर्कच्या हॉलमध्ये रिवाज आहे. सामना सुरू झाला की सगळ्यांनी उभं राहायचं, टाळ्या वाजवत. आपल्या टीमची पहिली बास्केट पडली की मगच बूड टेकायचं. एकदा म्हणे बर्फाच्या वर्षी बास्केट पडलीच नाही, आणि लोक मंगळवारपर्यंत उभे होते.

"मला काही त्रास नाही झाला," हार्लन म्हणाला. "पहिल्या दोन मिनिटांतच ब्रिटाने टाकली. टेकलो तो हाफटाइमपर्यंत उठलो नाही. म्हणत होतो ना मी, ही पोरगी टीम तारणार!"

"कुठे बसला होतास?"

"माझ्या नेहमीच्या जागी. वर, कोपऱ्यात."

"हाफटाइमला दिसलास बाई तू मला. पॉपकॉर्नच्या रांगेत."

"मग! सगळ्यांनाच दिसलो."

ओपल ड्वाइटकडे वळली. तो कोपऱ्यात कॉफी ढवळत होता. त्याचा पिकअप बाहेर उभा होता, आठ फुटी फळी सहज मावेल असा. बघणारे त्या पिकअपकडे बघतही होते.

"आणि तू रे? लेकीची रेघ मागे पडली म्हणून रुसून घरी बसलास का?"

"रुसलो होतो," ड्वाइट गुरगुरला. "पण गेलो. आणि माझ्या कंबरेचा काटा मोडला. सात मिनिटं उभे होतो आपण! ब्रिटाची बास्केट पडली, बसलो, खिशातून शेंगदाणे काढले, आणि पंचाने शिट्टी मारली. चार पावलं चालली होती ती. बास्केट रद्द. दोन हजार लोक परत उभे. माझे शेंगदाणे सगळे खाली. पुढे पाच मिनिटं काही पडेना. मग त्या झेपेदाच्या छोटीने बॉल हिसकावला आणि एकटी पळत जाऊन टाकला. पाया पडलो असतो मी तिच्या."

टेबलाभोवतीच्या माना हार्लनकडे वळल्या.

ओपलने चमचा खाली ठेवला. "हार्लन, तू हाफटाइमपर्यंत उठला नाहीस म्हणालास."

"म्हणजे, तसं—"

"सगळा हॉल परत उठला. तू एकटा बसून राहिलास? वीस वर्षं जो लोकांना रेडिओवरून दटावतो, 'बास्केटआधी बसेल तो आपला नव्हे', तो?"

"माझा गुडघा—"

"गुडघा तुझा ठणठणीत आहे. तू तिथे नव्हतासच. सांगू कुठे होतास? या हॉटेलामागे, तुझ्या पिकअपमध्ये, रेडिओ लावून. लोक हॉलमध्ये गेले याची खात्री होईपर्यंत थांबलास. रेडिओवाला ओरडला, 'ब्रिटाची बास्केट!' तू खूश झालास, रेडिओ बंद केलास आणि ड्रिल घेऊन आत शिरलास. पंचाची शिट्टी तू ऐकलीच नाहीस. फळी घरी टाकलीस आणि पॉपकॉर्नच्या रांगेत येऊन सगळ्यांना तोंड दाखवलंस. नंतर सामन्याचे आकडे वाचले असशील. पण आधी कोण, मग कोण, हे आकड्यांत नसतं. ते उभं राहणाऱ्यांच्या गुडघ्यांत असतं."

"मी कशाला नेऊ फळी?" हार्लनचा रेडिओचा आवाज गेला होता. उरला तो घरचा, बारीक. "पेन्सिल माझी, ब्रिटा माझी, मीच जिंकलो होतो!"

"म्हणूनच. शनिवारी तू पेन्सिल आडवी धरली नाहीस, टोक वर करून धरलीस. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, शेण नाही. सहा महिने बोललास ते खरं करून दाखवायचं होतं. मी गुण्या आणला असता तर ब्रिटा अर्लीनच्या खाली गेली असती आणि गुरुवारी तुझ्या कार्यक्रमाला गावाने फोन करून हसून मारलं असतं. फळी जाळायचं बोलली होती पोरगी. तुला आयतीच सापडली."

"कुठे आहे फळी?" ड्वाइट उठला. तो उठला की उजेड कमी व्हायचा.

"माझ्या मक्याच्या कोठारात," हार्लन म्हणाला. "ताडपत्रीखाली. जाळणार होतो. काडीसुद्धा पेटवली. पण पन्नास वर्षांच्या पोरी तिच्यावर... हात नाही चालला."

"फळीवर नाही चालला," ओपल म्हणाली. "जित्या पोरीवर चालला."

ड्वाइट आणि आणखी दोघं कोठाराकडे गेले. पावणेबाराला फळी परत दारात होती. ओपलने गुण्या लावला. ब्रिटा सहा फूट तीन. ड्वाइटने टोपी काढून नाक शिंकरलं.

बाराच्या ठोक्याला कोच रेनी आली, मारिसेलाला घेऊन. व्हेराने सगळं सांगितलं. कोचने मान हलवली.

"छान. मिटलं तर. मारिसेला, शुक्रवारी तू खेळतेयस. चल, सरावाला उशीर होतोय."

मारिसेला जागची हलली नाही.

"नाही कोच."

"काय नाही?"

"असं नाही मिटत. मला काय, मी बाकावर बसले असते. माझ्या आईला तुम्ही सगळ्यांच्या देखत घरी पाठवलंत. ती गल्लीतून चालत गेली, शेजारी खिडक्यांत उभे होते. आधी तिच्याकडे चला. सगळे. मग खेळायचं बघू."

"आणि नाही गेलो तर?" हार्लन पुटपुटला.

"तर शुक्रवारी तुम्ही उभेच राहा," पोरगी म्हणाली. "किती वेळ, ते बघा."

ओपल खो-खो हसली. हसता हसता तिने हार्लनची टोपी उचलून त्याच्याच हातात दिली. "चल रे. आवाज मोठा आहे तुझा. तूच आधी बोल."

आणि निघाली सगळी वरात. कोच, व्हेरा, हार्लन, मागून पिकअपमध्ये ड्वाइट, आणि खिडक्यांतले शेजारीही बूट चढवून मागे. सोकोरोने दार उघडलं. आत या म्हणाली नाही. हार्लन पायऱ्यांखाली उभा राहून बोलला. आवाज फाटला, पण गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मग कोच बोलली. मग व्हेरा नुसतीच रडली.

सोकोरोने शांतपणे ऐकलं. मुलीकडे बघितलं. मग व्हेराकडे.

"उद्या सकाळी पाचला येईन," ती म्हणाली. "आज सुट्टी. पगारी."

आणि दार लावून घेतलं.