साडीगार्ड

वैभव, तो पाना आधी खाली ठेव. नवीन गाडी घेतलीस, झकास केलंस, कोणाची नजर न लागो. पण ते साडीगार्ड आत्ता रात्रीचं काढायचं नाही. उद्या उजेडात काय ते ठरव. हसताय काय मेल्यांनो? बसा इथे पायरीवर. मोबाईल खिशात घाला. ही गोष्ट ऐका आणि मग हसा.

आपल्या निमेश खवणेकरची गोष्ट. काळाचौकीचा निमेश, चाळ पाडून टॉवर झाला त्यात सातव्या माळ्यावर राहतो. त्याचा बाप आणि मी गिरणीत एका खात्यात होतो. पोरगा माझ्यासमोर बसून, माझ्या घरचा चहा पीत हे सगळं बोललाय. त्यामुळे उगाच कोणीतरी सांगितलं म्हणून मी सांगत नाही.

एका शनिवारी संध्याकाळी हा निघाला अँटॉप हिलला. जुनी गाडी विकायची आहे असं मोबाईलवर बघितलेलं. क्रूझर. जुन्या वळणाची, बुटकी, लांबलचक, गोल दिवा, थेंबासारखी टाकी. सोबत जगदीश. जगदीश म्हणजे निमेशचा जीवाभावाचा दोस्त. दोघं एका गॅलरीत वाढले, एका ताटात जेवले. निमेश शिकून ऑफिसात गेला, जगदीशने काळाचौकीतच गाड्या दुरुस्त करायचा गाळा टाकला. हौशी पोरांच्या गाड्यांचं रूप पालटून द्यायचं त्याचं काम. हात सोन्याचा.

गाडीचे मालक अण्णा, सत्तरीच्या पुढचे. मुलीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. गुडघे गेले म्हणून गाडी विकत होते. भिंतीवर बायकोचा हार घातलेला फोटो. बाई हसरी, हिरव्या साडीतली. गाडी बघितली तर मागच्या चाकाला डाव्या बाजूने साडीगार्ड. आता सांगा, असल्या रुबाबदार गाडीला साडीगार्ड कोण लावतं?

अण्णा म्हणाले, "तुझी गाडी, बाळा. काय हवं ते कर. हे तेवढं काढू नकोस. हिच्यासाठी बसवलंय."

"नाही काढणार, अण्णा."

"सीटवर हात ठेवून बोल."

निमेशने हात ठेवला. बोलला. म्हाताऱ्याने चावी दिली, आणि गाडी वळेपर्यंत दारात उभा राहिला.

निमेश पोरगा चांगला, पण स्वभाव संशयी. कोथिंबिरीची जुडी सोडून आतली काडी बघणारा. बापाने बाजारातून पापलेट आणलं तरी हा कल्ले उघडून बघणार! गाडी गाळ्यात आली आणि जगदीश सहज बोलून गेला, "निम्या, गाडी दहा वर्षांची, पण साडीगार्डचं वेल्डिंग नवीन वाटतंय रे. फार तर तीन वर्षांचं."

झालं. याच्या डोक्यात किडा वळवळला. "म्हणजे गाडी आपटलीय. म्हाताऱ्याने लपवलं आपल्यापासून."

"चासी सरळ आहे. मी दोनदा मोजली."

"मग नवीन कशाला बसवलं? काहीतरी भानगड आहे. काढून टाक ते."

जगदीश म्हणाला, "शब्द दिलायस ना त्यांना?"

"लबाडाला दिलेला शब्द कसला!"

दोस्तच तो, काय करणार. जगदीशने काढलं. नुसतं तेच काढलं नाही. मागची सीट गेली, मागचे फूटरेस्ट गेले. मालकापुरती एकच चामड्याची सीट ठेवली आणि मागे उघडं मडगार्ड, जगदीशने स्वतः पत्रा ठोकून गोल केलेलं. काळा रंग, रुंद हँडल. गाडी अशी दिसायला लागली की नाक्यावर पोरं वळून बघायची. साडीगार्ड गेलं भंगारात.

टॉवरच्या पार्किंगमध्ये जागा मिळाली नव्हती, म्हणून गाडी रात्रीची जगदीशच्या गाळ्यातच असायची. आठवड्याभरात एका सकाळी निमेश गाडी घ्यायला गेला तर मागच्या चाकाच्या मधोमध, दांडीला, धागा गुंडाळलेला. हिरवा, सुती, वीतभर. याने काढून फेकला. दोन दिवसांनी पुन्हा. या वेळी हातभर, आणि त्याला काठाचा तुकडा. साडीचा काठ.

निमेशने काही विचारलं नाही. विचारणारा माणूस बरा रे, हा मनात साठवणारा. जगदीशचं लग्न ठरत होतं. म्हणजे माझ्या गाडीवर पोरगी फिरवतो रात्रीची! तोंडावर गोड बोलतो आणि पाठीमागे हे धंदे! याने शेजाऱ्याच्या हातापाया पडून टॉवरमध्ये जागा मिळवली. गाडी घरी आणली, चाकाला साखळी घातली, वर मागच्या टायरला खडूने रेघ मारून ठेवली. रेघ वरच्या बाजूला.

सकाळी रेघ खाली होती. साखळी जागच्या जागी. आणि धागा... दांडी दिसेना इतका.

दुसरा कोणी असता तर इथेच चरकला असता. पण संशय डोक्यात बसला की डोळ्यांवर झापड येते. साखळी गाडी घेतली तेव्हा जगदीशनेच आणून दिलेली ना? मग दुसरी चावी असणारच त्याच्याकडे! निमेश तडक गाळ्यावर गेला. चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर ओरडला, "चोर आहेस तू. माझी गाडी रात्री काढून पोरी फिरवतोस!"

जगदीशच्या हातातला पाना तसाच राहिला. तो म्हणाला, "निम्या, माझ्या आईची शपथ, हात नाही लावला."

"आईला मध्ये आणू नकोस."

"बरं." जगदीशने खिशातून गाडीची जास्तीची चावी काढली, निमेशच्या हातावर ठेवली. "तुझं माझं संपलं. परत ह्या गाळ्याची पायरी चढू नकोस."

त्या दिवशी दोन गिऱ्हाइकं गाड्या घेऊन परत गेली. गिरणगाव आहे हे. बोंब उठायला वेळ लागत नाही. पुढच्या चार दिवसांत जगदीशचा गाळा ओस पडला, मुलीकडच्यांनी लग्नाची बोलणी थांबवली. निमेशला कळत होतं. आत कुठेतरी टोचतही होतं. पण चोर तो चोर, असं म्हणून तो गप्प बसला.

आता ती रात्र. दोन हजार चोवीसचा डिसेंबर, अठरा तारीख, बुधवार. वडाळ्याला त्याची आत्या राहते, पुतळाबाई. तिची गोळ्यांची पिशवी द्यायला गेलेला. आत्याने जेवायला बसवलं, उशीर झाला. निघाला तेव्हा अकरा चाळीस. वडाळ्याहून शिवडीकडे येणारा गोदामांचा रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. दिवसा ट्रकांनी भरलेला. रात्री चिटपाखरू नाही.

गाडी मस्त चाललेली. हवेत गारवा. आणि एका खड्ड्यातून गाडी वर आली ती मागून जडच झाली.

मागे कोणी बसलं की गाडी दबते ना, तशी. डावीकडून.

निमेशला वाटलं, हवा गेली. पण चाक गुळगुळीत फिरत होतं. हँडल सरळ होतं. गाडी मात्र जड. आणि मागे बसायला सीटच नव्हती रे. नुसता उघडा पत्रा.

मग बांगड्या वाजल्या.

काचेच्या. दोन-तीन. अगदी कानाजवळ.

उजव्या खांद्यावर हात आला. हलकेच. बायको ठेवते तसा, सवयीचा.

निमेशने मागे बघितलं नाही. आरशात बघितलं नाही. गाडी पळवली. साठ... सत्तर...

"अहो."

आवाज थकलेला. रागाचा नव्हता.

"अहो, थांबा ना. पदर..."

याने अजून पिळलं. ऐंशी. मागच्या चाकातून आवाज यायला लागला. फर्र... फर्र... कापड गुंडाळल्याचा. खांद्यावरची बोटं आवळली. मागे खेचायला लागली. एक एक बोट कळत होतं.

"अहो... थांबा..."

डोळ्यांतून पाणी. गळ्याशी शर्टाची कॉलर रुतलेली. तेव्हा त्याच्या मनात काय आलं माहीत आहे? ही बाई मला मारायला बसलेली नाही. ही नुसतं थांब म्हणतेय.

ब्रेक दाबला.

गाडी घसरत थांबली. इंजिन बंद पडलं. सगळं शांत. मागे... श्वास.

निमेश समोर बघत म्हणाला, "थांबलो, ताई. उतरा. सावकाश उतरा."

कितीतरी वेळ काही नाही.

मग स्प्रिंग वर आली. खट्. गाडी हलकी झाली. एकदा बांगड्या वाजल्या, लांब. बस्स.

तो गाडी ढकलत काळाचौकीला आला, पावणेतीन वाजता. मागच्या चाकात धागे भरलेले, चाक जेमतेम फिरत होतं. झोप कसली येतेय! सहाला टॅक्सी करून अण्णांच्या दारात. म्हाताऱ्याने याचा चेहरा बघितला आणि आधी एकच विचारलं, "काढलंस?"

निमेशने मान डोलावली. मग म्हणाला, "अण्णा, अपघात झाला होता ना? साडीगार्ड असून?"

"ती होती तेव्हा साडीगार्ड नव्हतंच रे." अण्णा फोटोकडे बघत होते. "मीच काढायला लावलेलं. गाडीला शोभत नाही म्हणून. ती मागून म्हणत होती, थांबा, पदर अडकलाय. मला वाटलं मस्करी करतेय... मी जोरात नेली."

"मग नवीन कधी बसवलं?"

"गेल्यावर." अण्णांनी फोटोवरचा हार सरळ केला. "ती बसायची सोडेना, बाळा. निदान पदर तरी सांभाळला जावा..."

निमेश तिथून घरी आला, गाडी टेम्पोत घातली आणि गाळ्यावर आणली. पायरीखाली उभा राहिला. वर चढला नाही. जगदीश आत एकटाच, रिकाम्या गाळ्यात झाडू मारत होता.

"जग्या, चुकलो रे. तू म्हणाला होतास, शब्द दिलायस. मी तुझं नाव खराब केलं. सगळ्यांसमोर सांगतो, तुझ्या होणाऱ्या सासुरवाडीला जाऊन पाय धरतो. पण बोल माझ्याशी. शिवी दे, मार, पण बोल."

जगदीश झाडत राहिला. "गाडी घेऊन जा. मला काम आहे."

काम कुठलं असणार! निमेश रडायला लागला. लहान पोरासारखा, भर रस्त्यात, हमसून हमसून. टेम्पोवाल्याने कंटाळून गाडी उतरवली आणि तो निघून गेला. तेव्हा जगदीशने मान वर केली, आणि त्याची नजर मागच्या मडगार्डावर पडली. झाडू टाकून तो खाली आला. पत्रा त्याने स्वतः गोल ठोकलेला. तो डावीकडे दोन बोटं खोल दबला होता. बसकणीएवढा, नीट, सावकाश दबलेला. हातोडीने असा दाबता येत नाही, हे त्याच्यापेक्षा जास्त कोणाला कळणार?

"निम्या," तो म्हणाला, "ह्याच्यावर कोण बसलं होतं?"

निमेशने पायरीवर बसून सगळं सांगितलं. ऐकून झालं तसा जगदीश उठला, दार अर्धं ओढलं, माळ्यावरून अण्णांची जुनी सीट काढली, जुनं मडगार्ड काढलं, आणि नवीन साडीगार्डासाठी सळई वाकवायला घेतली. म्हणाला, "धर इकडून." चार दिवसांनी दोघांमध्ये निघालेला पहिला कामाचा शब्द तो. दुपारपर्यंत गाडी होती तशी झाली. संध्याकाळी दोघं त्याच गाडीवरून मुलीकडच्यांच्या घरी गेले. फेब्रुवारीत लग्न झालं, मी जेवून आलोय.

त्यानंतर धागा सापडला नाही. निमेश गाडी आजही चालवतो. खड्ड्यातून वर आली की कधीकधी मागून जरा जड होते, मग तो हळू घेतो, एवढंच.

आणि तो दबलेला पत्रा जगदीशने भंगारात दिला नाही. गाळ्यात आतल्या भिंतीला खिळ्यावर लटकवलाय. इंजिनापासून लांब, उन्हापासून लांब. मी परवाच हात लावून आलो. सगळी भिंत गार होती. पत्रासुद्धा गार. फक्त तो खड्डा... कोणीतरी आत्ता उठून गेल्यासारखा गरम.