नववी रेघ

बाबांच्या टेबलावरच्या वस्तू आणायला गेले, तर प्रयोगशाळेच्या दारात तो बर्फाचा डबा घेऊन समोरून आला. टक्कर जेमतेम चुकली.

"जरा जपून! तुम्ही सरांच्या कन्या ना? नाक तेच आहे."

हा बाबांचा विद्यार्थी. बाबांना जाऊन दीड महिना झाला होता. डासांच्या पेशी ते बाटल्यांत वाढवत, आणि त्या पेशींत मुकाट राहणारा एक विषाणू जपत. माणसाला काहीही न करणारा, आरएनएच्या जोडधाग्याचे नऊ तुकडे बाळगणारा.

"पाच वाजता विभागप्रमुख मॅडम येतील. नऊ तुकडे दिसले, म्हणजे विषाणू शाबूत असला, तर बाटल्या राहतील. नाहीतर वाफेच्या भट्टीत नष्ट."

मी वस्तूंसाठी आणलेला खोका खाली ठेवला. "थांबू मी?"

त्याने जेलच्या लादीत नमुना भरला, वीज सोडली. तुकडा जितका लहान, तितका पुढे पळतो, म्हणाला.

"सर पेशींना 'कार्टे' म्हणायचे, ठाऊक आहे?"

"मलाही!"

मी हसले... दीड महिन्यांनी. तो बघतच राहिला.

मग अंधाऱ्या खोलीत, जांभळ्या दिव्यावर आम्ही वाकलो. केशरी रेघा मोजल्या, तुकड्यागणिक एक. आठ.

"नववी?"

त्याने घड्याळ पाहिलं. चेहरा उतरला. "वीज वीस मिनिटं जास्त चालली. सगळ्यात लहान तुकडा जेलबाहेर गेला असणार."

"असणार?"

"खात्री नाही. नमुना आणखी एकदाच पुरेल."

"मॅडमना सांगा ना, चूक झाली म्हणून."

"काय सांगू—तुमच्याकडे बघत बसलो होतो?"

माझे कान तापले. "मी बाहेर बसते."

"नको. घड्याळ तुम्ही धरा. मी भिंतीकडे तोंड करून बसतो."

दोन तास तो तसाच बसला. मी काट्यावरून नजर हलवली नाही. एकदाच, त्याच्या मानेवरून फिरली. वेळ होताच म्हटलं, "बंद!"

त्याने जेल जांभळ्या दिव्यावर ठेवलं आणि पुन्हा भिंतीकडे वळला. मॅडम आल्या. दिव्यावर वाकून बोटाने मोजू लागल्या. सात... आठ... बोट थांबलं. अगदी कडेला, फिकट— नऊ.

"ठेवा बाटल्या," म्हणून त्या निघून गेल्या.

तो अजून भिंतीकडेच तोंड करून उभा. "आता बघू?"

"नको. रडतेय मी."

"मग तर बघायलाच हवं," तो म्हणाला, आणि वळला.