झाकायचा राहिलेला आरसा

फोटोवाल्यांची एक खोड असते. दोघे चहाला बसले की कप संपायच्या आत पहिल्या कॅमेऱ्याची गोष्ट निघतेच. पनवेलचे फोटोवालेही त्याला अपवाद नाहीत. कोणी सांगतो, सायकल विकून कॅमेरा घेतला आणि मग वर्षभर वरातीमागून पायी पळालो. कोणी सांगतो, पाहुणा कॅमेरा विसरून गेला, तो आम्ही विसरू दिला. सगळे हसतात, थोडंफार खोटं बोलतात आणि शेवटी काशिरामकडे बघतात. काशिराम बशीतला चहा संपवतो, "आमचा एक डबा होता," एवढंच म्हणतो आणि दुकानाकडे निघून जातो.

तो डबा त्याच्याकडे कसा आला हे सांगायचं तर सॉल आपटेकरांनी पनवेल सोडलं त्या उन्हाळ्यात जायला हवं. चीनची लढाई अजून झालेली नव्हती. बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं एकामागून एक बंद होत होती. बोलणं-चालणं, चिंचगूळ घातलेली माशांची आमटी, भांडणं, सगळं आपल्यासारखंच असलेली ही माणसं. फक्त शनिवारी त्यांची दुकानं बंद असायची. आता ती कायमची बंद होऊ लागली होती. सॉलभाऊंचा मुलगा अब्राहम आधीच तिकडे इस्राएलला जाऊन पोचला होता. आता सॉलभाऊ, त्यांची बायको शुलामिथ आणि मुलगी हदासा निघाले होते. आपला फोटो स्टुडिओ ते काशिरामच्या हवाली करून जाणार होते. काशिराम कोळीवाड्यातला. जाळं सोडून लोकांचे चेहरे धुवायला गेला म्हणून बाप त्याच्याशी कितीतरी वर्षं धड बोलला नव्हता. कॅमेरा धरायला त्याला सॉलभाऊंनी शिकवलं.

निघायच्या आदल्या दिवशी भर दुपारी काशिराम स्टुडिओची किल्ली घ्यायला त्यांच्या घरी गेला. वैशाखातलं ऊन. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ओटीवर ट्रंका बांधून ठेवलेल्या, आत शुलामिथवहिनी भांड्यांशी काहीतरी आपटत होत्या. सॉलभाऊ मागच्या अंगणात विहिरीजवळ उभे होते. समोर चिकूच्या झाडाखाली हातांची एक जुनी लाकडी खुर्ची होती. ती कोणी ट्रंकांजवळ नेली नव्हती की कोणाला देऊनही टाकली नव्हती.

"किल्ली देतो," सॉलभाऊ म्हणाले. "त्याआधी माझं एक काम कर."

त्यांनी खिडकीच्या फळीवरून एक गाठोडं उचललं. पांढऱ्या कापडाची गाठ, जुनी, पिवळट पडलेली. गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. आत काळा चौकोनी बॉक्स कॅमेरा निघाला. वरच्या अंगाला नखाएवढी काच, तिच्याखाली तिरका बसवलेला आरसा. त्यात वाकून बघायचं आणि खटका दाबायचा.

"हा माझा पहिला," ते म्हणाले. "महायुद्धाच्या दिवसांत चोरबाजारातून आणला. पहिल्या रोलवर धाकट्या बहिणीचे फोटो काढले. मझल तिचं नाव. ह्याच खुर्चीत बसवली होती. आणि फोटो आलेत का ते बघायला मी मागचं झाकण उघडलं."

काशिराम हसला. चुलीवरच्या भाताचं झाकण काढावं तसा रोल उघडून बघणारी गिऱ्हाईकं त्यानेही पाहिली होती. पण सॉलभाऊ हसत नव्हते.

"उजेड लागून रोल गेला. त्याच महिन्यात ती तापानं गेली. तिचा एकही फोटो नाही घरात."

मग ते थांबत थांबत सांगू लागले. माणूस गेलं की त्यांच्यात सात दिवस घरातले आरसे झाकतात. आई म्हणायची, गेलेला जीव घरातच घुटमळत असतो, उघडा आरसा त्याला दारासारखा वाटतो. आईने भिंतीवरचा आरसा झाकला, कपाटाचा झाकला, फणीच्या पेटीतला एवढासा आरसासुद्धा उलटा करून ठेवला. खिडकीत अंगणाकडे तोंड करून हा डबा पडून होता. ह्याच्या पोटातही आरसा आहे हे घरात एकट्या सॉललाच माहीत, आणि त्याच्याही ध्यानात आलं नाही.

"सात दिवस सरले. मी डबा उचलून अंगणावर धरला. खुर्ची रिकामी होती. काचेत... नव्हती."

विहिरीचा रहाट वाऱ्याने किंचित करकरला.

"फोटो काढलात?" काशिरामने विचारलं.

"काढले. पुन्हा पुन्हा काढले. फिल्मवर नुसती खुर्ची. मग आईला दाखवलं. ती वाकून पुष्कळ वेळ बघत राहिली. रडली नाही. आत गेली आणि मझलच्या कफनाचं उरलेलं कापड घेऊन आली. ह्याला गुंडाळलं, गाठ मारली. आई गेली तरी ती गाठ मी सोडली नव्हती. आज सोडली." त्यांनी डबा पुढे केला. "तू बघ, काशा. माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. खुर्ची रिकामी आहे एवढं सांग, म्हणजे मी जायला मोकळा. पोरीला अशी मागे टाकून नाही रे जाववणार."

काशिरामने डबा छातीशी धरला. वाकला तसा त्याला ओल्या कापडाचा वास आला, पाणवठ्यावर येतो तसा. त्याला वाटलं, विहिरीचा असेल.

काचेत चिकूचं झाड होतं, नखाएवढं. खुर्ची होती. खुर्चीत पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी बसली होती. हात मांडीवर, केस मोकळे, ओलेचिंब, गालाला चिकटलेले. ती काशिरामकडे बघत नव्हती. विहिरीपाशी उभ्या असलेल्या आपल्या भावाकडे बघत होती.

त्याने मान वर केली. खुर्चीवर ऊन पडलं होतं. बाकी काही नव्हतं.

काशिराम समुद्रावरच्या घरात वाढलेला. बापाने त्याला एक गोष्ट पक्की शिकवली होती, निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. तो म्हणाला, "नाय ओ सॉलभाऊ. रिकामी हाय खुर्ची."

सॉलभाऊ विहिरीच्या काठावर मटकन बसले. "गेली बिचारी," म्हणाले, आणि एवढा मोठा माणूस रुमालात तोंड घालून रडला. काशिरामला फार वाईट वाटलं आणि आपण बोललो ते बरंच केलं असंही वाटलं.

थोड्या वेळाने सॉलभाऊंचा चेहरा उजळला. "रोल टाक," ते म्हणाले. "ह्या घरातला शेवटचा फोटो ह्याच डब्यानं काढ. हा आजपासून तुझा. तुझा स्वतःचा कॅमेरा कुठे आहे?"

ते खरंच होतं. इतकी वर्षं काशिराम स्टुडिओच्या कॅमेऱ्यांवर हात चालवत होता. त्याच्या मालकीचा पहिला कॅमेरा तो हाच.

वहिनी पदराला हात पुसत आल्या, हदासा वेणी बांधत आली. सॉलभाऊ आत जाऊन हॅट घालून आले. तेवढ्यात वहिनी खुर्चीत बसायला वाकल्या.

"वहिनी, तितं नको," काशिराम पटकन म्हणाला. "तुमी न् हदासा अशा बाजूला उभ्या ऱ्हावा. सॉलभाऊ, तुमी खुर्चीच्या मागं. जरा डावीकडं... बस."

त्याने श्वास धरून खटका दाबला. मग रोल काढून घेतला आणि डबा परत खिडकीच्या फळीवर ठेवला.

संध्याकाळी त्याने डार्करूममध्ये रोल धुतला. लाल दिव्याखाली, फोटो पक्का करायच्या हायपोच्या वासात, ताटलीतल्या कागदावर चित्र वर आलं. चिकूचं झाड, वहिनी, हदासा, हॅट घातलेले सॉलभाऊ. सगळे खणखणीत आलेले. आणि मधोमध रिकामी खुर्ची. काशिराम कागद लपवणार इतक्यात पडदा सारून सॉलभाऊच आत आले. शेवटचं एकदा दुकान बघायला आले होते.

त्यांनी कागद चिमट्याने उचलला आणि दिव्यापाशी धरला. फोटोत रिकामी खुर्ची ठेवायची नाही, हा त्यांनी काशिरामला शिकवलेला पहिला धडा होता. खुर्चीत कोणाला तरी बसवावं, नाहीतर खुर्ची बाहेर काढावी. रिकामी राहिली तर घरातलं माणूस गेल्यासारखी दिसते. काशिरामने उभ्या जन्मात ती चूक केली नव्हती. आणि आज चांगली वहिनींना बाजूला करून, खुर्ची मधोमध घेऊन, तिच्याभोवती सगळी माणसं नीट मांडली होती.

कागदावरून पाणी ठिबकत होतं.

"काशा," त्यांनी हळूच विचारलं, "केस... वाळलेत का तिचे?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "नाय, भाऊ."

"आई तेव्हा म्हणाली होती. शेवटची न्हाऊ घातलेली पोर, ओल्या केसांनी कुठे जाईल? वाळले की जाईल आपली आपण." सॉलभाऊंनी कागद पुन्हा पाण्यात सोडला. "आणि आम्ही तिला झाकून ठेवली. गाठ मारून, अंधारात. कसे वाळतील?"

"तिकिटं काढलीत भाऊ. वहिनी, हदासा..."

"हो. जायला तर हवंच." दारातून ते वळले. "उघडा ठेव डबा. तिथंच, खिडकीत. ऊन लागू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी काशिरामने त्यांना मुंबईच्या एस.टी.त बसवून दिलं. ट्रंका टपावर चढवल्या, हदासाला खिडकी मिळवून दिली. सॉलभाऊंनी त्याचा हात हातात घेतला, सोडला, पुन्हा घेतला. गाडी हलली तशी त्यांनी खिडकीतून हॅट हलवली. गाडी वळणाआड जाईपर्यंत काशिरामने ती हॅट बघितली. सॉलभाऊ त्या गाडीने गेले, यात त्याला कधीच शंका आली नाही.

तिथून तो आपटेकरांच्या घराला कुलूप लावायला गेला. अंगणात ऊन भरलं होतं. खिडकीत डबा कालच्याच जागी होता, शेजारी ते पांढरं कापड. कापड तरी नेऊ, म्हणून त्याने उचलून खांद्यावर टाकलं. बघायचं नाही असं ठरवून आला होता, पण हात डब्याकडे गेलाच.

काचेत झाड होतं, खुर्ची होती, मुलगी होती. खुर्चीच्या मागे, काल काशिरामने उभं केलं होतं त्याच जागी, जरासे डावीकडे, हॅट घातलेले सॉलभाऊ उभे होते. त्यांच्या हातात पांढरं कापड होतं. ते बहिणीचे केस पुसत होते. सावकाश, एकेक बट हातात घेऊन, आपल्याला कुठेही जायचं नाही अशा बेताने. मुलीने डोळे मिटले होते.

काशिरामने मान वर केली. अंगणात कोणी नव्हतं. त्याच्या खांद्यावरून पाठीकडे गार पाण्याचा ओघळ उतरला.

पुढे पेणचे एक गृहस्थ तिकडे जाऊन आले. सांगत होते, आपटेकर मंडळी सुखात आहेत, घर मिळालं, मुलीचं लग्न ठरलं. सॉल मात्र फारसा बोलत नाही. हाक मारली तर ऐकू गेल्यासारखं करतो, पण वळून बघत नाही. काशिरामने ऐकून घेतलं आणि चहाचे पैसे दिले.

डबा त्याने तिथून हलवला नाही. घर नव्या माणसांनी घेतलं तेव्हा खिडकीची ती फळी तेवढी डब्यासाठी राहू द्या म्हणून त्याने मागून घेतली, आणि त्यांनीही का कोण जाणे, दिली. स्टुडिओच्या डार्करूममध्ये दोरीला लावलेले फोटो रात्रीत वाळतात, सकाळी गिऱ्हाईक घेऊन जातं. त्या दोरीच्या टोकाला चिमट्याने ते पांढरं कापड लावलेलं असतं. नवीन माणसाला वाटतं, आत्ताच धुऊन टाकलं असेल. खाली बादली ठेवलेली आहे. ती काशिराम रोज सकाळी रिकामी करतो.