पर्मिटवरचं चौथं नाव

हे वाचून तुम्ही मला वेडी म्हणालात तरी चालेल. माझ्या ऑफिसात ते कधीच म्हणून झालंय.

मी परदेशात, एका बंदराच्या शहरात, हार्बरफ्रंटला एका शिपिंग कंपनीत कागदपत्रं बघते. जहाजावर काय चढलं, काय उतरलं, त्या याद्या जुळवते. जुळल्या नाहीत तर घरी जात नाही. त्यामुळे मी एखादी गोष्ट बघितली म्हणते, तेव्हा ती मी बघितलेली असते.

पुढचं सगळं खरं आहे. फक्त त्या जागेचं नाव मी लिहिणार नाही. कोणी शोधत जाऊ नये म्हणून.

२०१६चा जानेवारी. रविवार, दुपारचे तीन. बुओना व्हिस्टाचा आमचा फ्लॅट.

लख्ख ऊन होतं. खाली पूलमध्ये पोरं ओरडत होती. असलं काही घडायची ती वेळच नव्हती.

माझा धाकटा भाऊ क्षितिज तेव्हा युनिव्हर्सिटीत संशोधन करायचा. क्लेमेंटीला एका चिनी आंटीच्या घरात खोली घेऊन राहायचा. त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं होतं. अमेरिकेतलं एक वाळवंट. त्यात एक खोल दरी. पाच दिवस चालायचं. रस्ता नाही, फोनला रेंज नाही, पाणी फक्त दोन ठिकाणी. रोज मोजकेच लोक आत सोडतात, आणि त्यासाठी तिथल्या ऑफिसचं पर्मिट लागतं.

जाणार आम्ही तिघं. मी, माझा नवरा संजीव आणि क्षितिज.

मी लगेच गूगलवर शीट उघडली. प्रत्येकाचा एक रकाना. नाव, वय, रक्तगट, बुटाचा नंबर, काही झालं तर घरी कोणाला कळवायचं. याद्या करायला मला भारी आवडायचं तेव्हा.

पुण्याहून आई स्काइपवर होती.

"तिघंच?" ती म्हणाली. "तिघांनी निघू नका गं. चौथी सुपारी तरी घ्या बरोबर."

आमच्याकडे हे अजून पाळतात. तिघं मिळून बाहेर पडत असतील तर चौथी म्हणून एक सुपारी खिशात टाकायची. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण सुपारी मी टाकते. आईशी कोण वाद घालणार?

क्षितिज फॉर्म भरत होता. तो हसला.

"आई, सुपारी तिकडच्या एअरपोर्टवर काढून घेतील. त्यापेक्षा पर्मिटवरच चौथा माणूस लिहून टाकतो."

आणि त्यानं लिहिलं. रवींद्र. पुढे आमचंच आडनाव.

"कोण हा रवींद्र?" संजीवनं विचारलं.

"कोणी नाही. चौथा."

आई हसली नाही. मग म्हणाली, "सुपारी घ्यावी रे. माणूस लिहू नये."

"का?"

"सुपारी घरी आल्यावर परत डब्यात ठेवता येते."

आम्ही तिघंही हसलो. क्षितिजनं फॉर्म पाठवून दिला.

मीसुद्धा हसले होते. त्याची लाज मला आजही वाटते.

आठ दिवसांत पर्मिट आलं. चार नावं. क्षितिजनं गंमत म्हणून शीटमध्येही चौथा रकाना जोडला होता. रिकामा.

एका गुरुवारी लंच अवरमध्ये मी शीट उघडली आणि…

चौथा रकाना भरलेला होता.

वय तीस. रक्तगट बी पॉझिटिव्ह. बूट नऊ नंबर.

हे सगळं क्षितिजचं होतं. आणि क्षितिजच्या स्वतःच्या रकान्यात यातलं काहीच उरलं नव्हतं.

मी त्याला फोन केला. "ताई, मी हातही लावला नाही. भाऊजी चेष्टा करत असतील."

संजीवला विचारलं. तो वैतागला. "मला जेवायला वेळ नाही इथे."

मी क्षितिजची माहिती परत भरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरी.

रविवारी मी दोघांना समोर बसवलं. म्हटलं, आज छडा लावायचा. मध्ये लॅपटॉप. शीट उघडी. तिघांच्या हातात पोह्यांच्या बशा. फोन सगळे बंद करून सोफ्यावर ठेवलेले.

पाच मिनिटं काहीच नाही.

मग चौथ्या रकान्यात, 'घरी कोणाला कळवायचं' त्या चौकटीत… एक अक्षर उमटलं.

मग दुसरं. सावकाश. कोणीतरी एकेका बोटानं टाइप करावं तसं.

मेधा.

माझं नाव.

त्याच्याशेजारी नातं लिहायची चौकट होती. तीही भरली.

बहीण.

संजीवच्या बशीत चमचा वाजला तेवढाच आवाज. आणि त्याच वेळी क्षितिजच्या रकान्यातून माझं नाव नाहीसं झालं. मी परत लिहिलं. ते पुन्हा गेलं. तीनदा लिहिलं मी. तीनदा माझ्या डोळ्यांसमोर गेलं.

संजीवनं लॅपटॉप मिटला. "आपण कोणीही जात नाही. विषय संपला."

त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी आपली नावं मागे घेतली.

क्षितिज "बरं" म्हणाला.

इतकंच. बरं. तो असा कधी मुकाट्यानं ऐकणारा नव्हता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यानंतर मी रोज फोन करायचे. तो बोलायचा, पण तुटक. आणि त्याच्यामागे एक आवाज यायचा.

पाणी पिण्याचा.

घट, घट, घट… न थांबता. कितीही तहान लागली तरी माणूस मध्ये श्वास घेतो. हा घेत नव्हता.

"खोलीत कोण आहे?"

"कोणी नाही, ताई."

"मग पाणी कोण पितंय?"

तो हळूच म्हणाला, "त्याला वाट माहीत आहे."

फोन कट झाला.

मार्चच्या शेवटी दोन दिवस त्याचा फोन लागेना. ऑफिसातून तडक क्लेमेंटीला गेले. आंटीनं दार उघडलं आणि तिच्या इथल्या इंग्रजीत म्हणाली,

"युअर ब्रदर? गो एअरपोर्ट ऑलरेडी लाह. यस्टरडे."

"एकटा?"

तिनं त्याच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "आय हिअर टू पीपल टॉकिंग. बट आय सी वन ओन्ली."

तिनं मला त्याची खोली दाखवली. पलंगाखाली पाण्याच्या रिकाम्या बाटल्या होत्या. एकीला एक खेटून, भिंतीपर्यंत. मोजायचं धाडस माझं झालं नाही.

दोन दिवसांनी, सकाळी सातला, मी तिकडच्या ऑफिसला फोन लावला. तिथे आदल्या दिवसाची दुपार होती. एक बाई बोलल्या, अगदी प्रेमळ आवाजात.

मी म्हटलं, पर्मिट रद्द करा. माझ्या भावाची तब्येत बरी नाही.

ते फक्त ग्रुपचा लीडरच करू शकतो, त्या म्हणाल्या.

"लीडर क्षितिजच आहे."

कीबोर्डचा आवाज आला.

"लीडर रवींद्र आहेत. एकट्याचंच पर्मिट आहे. क्षितिज नावाचं कोणी यात नाही."

मी मेल उघडली. पर्मिटची तीच फाइल, जिच्यावर मी स्वतः चार नावं वाचली होती. आता एकच नाव होतं. मग ऑफिसच्या ड्रॉवरमधली प्रिंट आठवली. तशीच टॅक्सी करून हार्बरफ्रंटला गेले. प्रिंटवरही एकच.

यादी जुळत होती. त्यांची माझ्याशी, माझी त्यांच्याशी. आयुष्यात पहिल्यांदा यादी जुळली म्हणून मी रडले.

परत फोन केला. विनवण्या केल्या. कोणालातरी त्याच्या मागे पाठवा म्हटलं.

"ते आज सकाळी सही करून आत गेलेत," बाई म्हणाल्या. "वेळेत बाहेर आले नाहीत तर आम्ही शोधायला निघतोच. काळजी करू नका. तुम्ही मेधा ना? तुमचंच नाव दिलंय त्यांनी. त्यांच्या बहीण."

पाच दिवस मी खाल्लं काय, आठवत नाही. सहाव्या दिवशी त्यांची मेल आली.

एक व्यक्ती आत गेली होती. एक व्यक्ती वेळेत बाहेर आली. धन्यवाद.

म्हणजे शोध नाही.

आम्ही पोलिसांत गेलो. दोघं तिकडे जाऊनही आलो. क्षितिज विमानातून उतरल्याची नोंद आहे, त्यापुढे काही नाही. दरीच्या तोंडाशी लाकडी पेटीत रजिस्टर ठेवलेलं असतं, ते बघितलं. आत जातानाची सही आणि बाहेर येतानाची सही एकच. क्षितिजचं अक्षर मी बालवाडीपासून ओळखते. ते त्याचं नव्हतं.

मी तिथल्या अधिकाऱ्यासमोर हात जोडले. तो भला माणूस होता. त्यानं मला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि नीट, अदबीनं विचारलं, की जो माणूस आत गेलाच नाही, त्याला आम्ही कुठे शोधायचं?

समोर दरी होती. माझा भाऊ तिच्यात होता. मी खुर्चीत बसून राहिले.

आईला आम्ही सांगितलं नव्हतं. तिची अँजिओप्लास्टी झालेली. परत आल्यावर सांगू, धीर गोळा करून सांगू, असं ठरवलं होतं.

त्याआधीच तिचा फोन आला. खुशीत होती.

"क्षितिजचा फोन येतो गं दर रविवारी. तिकडेच नोकरी लागली म्हणतो. आवाज बसलाय त्याचा. कोरडी हवा ना. सारखा पाणी पीत असतो बोलताना."

नंबर कुठला, विचारलं. तिच्या फोनमध्ये नंबर उमटत नाही म्हणे.

आता दीड वर्ष झालं. दर रविवारी फोन येतो. त्या फोनवर आई जगते. दोन वेळा मी खरं सांगायला तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून फोन ठेवला. क्षितिजचे फोटो आहेत माझ्याकडे. अजून आहेत. ते आहेत की नाही, रोज सकाळी बघते.

परवा आई म्हणाली, "दिवाळीला येतोय तो. आधी तुझ्याकडे उतरेल चार दिवस, मग पुण्याला. एकटाच आहे म्हणाला. पत्ता माहीत आहे म्हणे."

त्याला येऊ देऊ नकोस, एवढंच मला म्हणायचं होतं.

पण का, असं आई विचारणार. तिला काय सांगू?

"बरं," मी म्हणाले.